अमेरिकेत फेडरल सरकारी वकील व्हायचंय? अर्जापासून पहिल्या शिक्षेपर्यंत काय काय लागतं

कुणालाही सांगितलं की मी अकरा वर्षं असिस्टंट यू.एस. अटर्नी होते, की दहातले नऊ जण म्हणतात "अच्छा, म्हणजे डीए ना", आणि मग तिथूनच सुरुवात करावी लागते. डीए म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी, तो काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा असतो, बहुतेक राज्यांत लोकांनी मतं देऊन निवडलेला, आणि खून, घरफोडी, मारामारी, दारू पिऊन गाडी चालवणं हे सगळं राज्याच्या कायद्याखाली त्याच्याकडे जातं. आपलं ऑफिस, म्हणजे यू.एस. अटर्नीचं, केंद्र सरकारचं. अख्ख्या देशाचे ९४ फेडरल डिस्ट्रिक्ट, म्हणजे केंद्रीय कोर्टांचे विभाग आहेत आणि त्यांना ९३ यू.एस. अटर्नी, कारण ग्वाम आणि नॉर्दर्न मरियाना बेटांना मिळून एकच. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं. हे पद १७८९ सालचं आहे, जस्टिस डिपार्टमेंटच मुळात १८७० मध्ये आलं, म्हणजे पद खात्याहून जुनं. सरकार बदललं की हा वरचा माणूस बदलतो. पण रोज कोर्टात उभे राहणारे, वॉरंट वाचणारे, साक्षीदारांना भेटणारे ते असिस्टंट, एयूएसए, ते करिअरवाले असतात, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांना ते व्हायचंय किंवा जे नुकतेच झालेत.

भारतात वकिली केलेल्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यातून काढून टाका. तिकडे साधारणपणे पोलिस तपास करतात, चार्जशीट दाखल होते आणि मग फाइल सरकारी वकिलाच्या टेबलावर येते. इकडे तुम्ही पहिल्या दिवसापासून तपासात असता. एफबीआय, डीईए (ड्रग्जवाले), एटीएफ (बंदुका-स्फोटकंवाले), पोस्टल इन्स्पेक्टर, सगळे तपास करतात पण सर्च वॉरंटचा मसुदा तुमच्या नजरेखालून जातो, ग्रँड ज्युरीचं (आरोपपत्र द्यायचं का हे ठरवणाऱ्या नागरिकांचं) सपीना, म्हणजे हजर राहण्याचा किंवा कागद देण्याचा हुकूम, तुमच्या ऑफिसातून निघतं, आणि केस करायची की नाही हे तुम्ही ठरवता. हे जेवढं भारी वाटतं तेवढंच जोखमीचं आहे, पुढे सांगते.

अर्ज

नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर होत नाही, त्यामुळे जे अजून रांगेत आहेत त्यांनी काउंटीच्या डीए ऑफिसांची जाहिरात बघा, काही ठिकाणी त्यांचे नियम सैल असतात आणि अनुभव तोच मिळतो. जे.डी., म्हणजे इथली कायद्याची पदवी लागते, कुठल्याही एका राज्याच्या बारचं चालू सदस्यत्व, म्हणजे वकिलीची सनद लागते, आणि पदवीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव असं जाहिरातीत लिहिलेलं असतं पण प्रत्यक्षात तीन-चार वर्षं काम केलेली माणसं घेतात. पुण्या-मुंबईहून एलएल.बी. करून इकडे फक्त एलएल.एम. केलेल्यांनी जाहिरातीतली पदवीची ओळ दोनदा वाचा, बार मिळाला म्हणजे ही नोकरी मिळेल असं नाही. मी स्वतः पुण्यात एलएल.बी. करून आले होते आणि इथे पुन्हा तीन वर्षं जे.डी. केली, घरच्यांना ते वेडेपणाचं वाटलं, पण मला तोच रस्ता दिसत होता.

येण्याच्या वाटा चार-पाच आहेत. लॉ स्कूलमध्ये असताना उन्हाळ्यात याच ऑफिसात इंटर्नशिप, बहुतेक वेळा बिनपगारी, तरी कराच. फेडरल जजकडे एक-दोन वर्षं क्लार्कशिप, म्हणजे जजचा कायद्यातला मदतनीस, ही सगळ्यात वजनदार. काउंटीत प्रॉसिक्युटर म्हणून तीन-चार वर्षं, मी तिथून आले. मोठ्या लॉ फर्ममधून येणारे पण पुष्कळ. आणि एक वाट स्पेशल असिस्टंटची, तिला सॉसा म्हणतात, काम पूर्ण एयूएसएचं पण अनेक ठिकाणी पगार शून्य, तेव्हा घरभाड्याचा हिशेब करूनच हो म्हणा. पगार फर्मच्या मानाने कमी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण शिक्षणाचं कर्ज असेल तर सार्वजनिक सेवेची कर्जमाफी योजना आहे, १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं, त्याचे कागद पहिल्या वर्षापासून लावून ठेवा.

सगळ्यांना न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन नाहीतर ब्रुकलिन हवं असतं. माझं मत विचाराल तर शिकायला लहान शाखा चांगली. टेक्सासचा नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट घ्या, त्यात १०० काउंटी येतात, डॅलस आणि फोर्ट वर्थ सोडून लबक आणि अमरिलोलाही ऑफिस आहे. अशा ठिकाणी चार-सहा वकील सगळं करतात, सकाळी बंदुकीची केस, दुपारी टपाल चोरी, उद्या बँक फ्रॉड, आणि ज्युरीसमोर उभं राहायची संधी लवकर येते. मोठ्या शहरात तुम्ही दोन वर्षं कुणाचे तरी बाइंडर लावत बसाल, तेही शिकणंच आहे म्हणा. फक्त लक्षात ठेवा, डिस्ट्रिक्टमध्ये किंवा त्याच्या हद्दीपासून २५ मैलांच्या आत राहायला लागतं.

तो लांबलचक फॉर्म

निवड झाली की एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासणी, आणि त्यासाठी एसएफ-८६ नावाचा फॉर्म. दहा वर्षांचे पत्ते, सात वर्षांचा परदेश प्रवास, परदेशातले नातेवाईक, सासरचे सुद्धा, परदेशातली मालमत्ता आणि खाती. आपल्या लोकांची इथे खरी परीक्षा असते, कारण आपलं अर्धं आयुष्य तिकडे असतं. ओसीआय कार्ड आहे का, लिहा. एनआरओ-एनआरई खाती, आईबरोबरचं जॉइंट खातं, एफडी, लिहा, आणि सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खाती कळवायचा फॉर्म, भरलाय का ते आधी तपासा, तो राहिला असेल तर अर्ज करायच्या आधी सीएला गाठा.

माझे वडील गेल्यावर गावाकडच्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची वारस म्हणून नावं लागली होती. चुलतभाऊ ती जमीन कसतो, मला त्यातून रुपया येत नाही, आणि ती माझी 'मालमत्ता' आहे असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. फॉर्म भरताना नवऱ्याने आठवण केली म्हणून लिहिली. तपास अधिकारी भेटायला आला तेव्हा त्याने त्यावरच वीस मिनिटं काढली, सातबारा म्हणजे काय, फेरफार म्हणजे काय, विकली तर पैसे कुणाला, मी तलाठ्याकडून आणलेला उतारा पुढे ठेवला आणि भाषांतर करून सांगितलं. अडचण काहीच आली नाही. जमीन असणं हा प्रश्न नसतोच, लपवलेलं सापडणं हा प्रश्न असतो, आणि ज्याला उद्या दुसऱ्यावर खोटं बोलल्याचा आरोप ठेवायचाय त्याचा स्वतःचा फॉर्म स्वच्छच हवा.

गांजाबद्दल स्पष्ट सांगते. तुमच्या राज्यात कायदेशीर असेल, फेडरल कायद्यात नाही. गमी, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या, सुद्धा नाही. ड्रग टेस्ट होते आणि मागच्या वापराबद्दल विचारतात, खरं सांगा.

नोकरी लागल्यावर बाहेरची वकिली बंद. म्हणजे मंडळाच्या गणपतीत कुणी म्हणालं "अगं, माझ्या ग्रीन कार्डचं जरा बघ ना" किंवा "भाचीच्या घटस्फोटाचं पत्र लिहून दे", तर हात जोडून नाही म्हणायचं. सुरुवातीला लोकांना राग येतो. मी चांगल्या इमिग्रेशन वकिलाचं नाव कुठे शोधायचं एवढं सांगायचे, स्टेट बारची यादी दाखवायचे, आणि थांबायचे. ऑफिसातल्या केसबद्दल तर घरी सुद्धा नाही, ग्रँड ज्युरीतलं बाहेर सांगणं हा फेडरल फौजदारी प्रक्रियेच्या नियम ६(ई) चा भंग आहे आणि त्यावर कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाच्या अवमानाची कारवाई, होऊ शकतो.

ड्युटीचा फोन

शपथ घेतली, कार्ड मिळालं, की थोड्या दिवसात ड्युटी आठवडा येतो. त्या आठवड्यात डिस्ट्रिक्टमधल्या कुठल्याही एजंटला काही तातडीचं लागलं तर तुमचा फोन वाजतो, रात्री दोनला पण. नवीन माणसाने ड्युटीच्या पिशवीत ठेवायच्या गोष्टी: ड्युटीवरच्या मॅजिस्ट्रेट जजच्या क्लार्कचा नंबर, सुपरवायझरचा नंबर, अॅफिडेव्हिटचे नमुने, आणि एक कोरी वही. फोनवरून वॉरंट घेता येतं, त्याच नियमांतल्या ४.१ खाली, त्याची पद्धत आधी दिवसा उजेडी एकदा कुणाकडून तरी बघून घ्या. एजंट घाईत असतो, संशयित पळेल, माल हलेल, हे खरंच असतं बऱ्याचदा, तरी तुम्ही अॅफिडेव्हिट शेवटपर्यंत वाचायचंच, आणि प्रत्येक वाक्यापाशी विचारायचं: हे तुला कसं कळलं, तू पाहिलंस की कुणी सांगितलं, सांगणारा कोण. ही तीन विचारणी अंगवळणी पडली की तुमचं निम्मं काम झालं.

नाही म्हणायला शिका

नवीन एयूएसए पहिल्या वर्षी चुकतो तो इथे. त्याला वाटतं एजंटने सहा महिने घालवलेत, माणूस दोषी दिसतोय, आपण केस केली नाही तर आपण कच्चे. डिपार्टमेंटचं जस्टिस मॅन्युअल सांगतं की गुन्हा फेडरल असला पाहिजे, कोर्टात चालणारा पुरावा दोष सिद्ध करायला आणि अपिलात टिकवायला बहुधा पुरेल असं तुम्हाला वाटलं पाहिजे, आणि त्यातही केंद्राचं खरंच काही हित असलं पाहिजे, राज्य तेच काम नीट करू शकत असेल तर त्याला करू द्या. केस न करण्याला आमच्याकडे डिक्लाइन करणं म्हणतात. ते तोंडी उडवून लावायचं नसतं, कारण लिहून द्यायचं, आणि एजंटला स्वतः भेटून सांगायचं.

मी पहिली डिक्लाइन केलेली केस एका लहान दुकानदाराची होती, फूड स्टॅम्पच्या, म्हणजे गरिबांना खाद्यपदार्थ घ्यायला मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या कार्डावर रोख पैसे दिल्याचा आरोप. नोंदी होत्या, आकडे जुळत होते, पण कार्ड कोण स्वाइप करत होतं हे सांगणारा एकच साक्षीदार आणि त्याच्याशी दुकानदाराचं भाड्यावरून भांडण. एजंट भला माणूस, चौदा वर्षं नोकरी झालेला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला "ठीक आहे, मग आणखी काय आणू?" तो प्रश्न मला फार शिकवून गेला. तुम्ही एजंटचे वकील नसता, पीडिताचे पण नसता. कोर्टात उभं राहून स्वतःचं नाव सांगून "युनायटेड स्टेट्सच्या वतीने" म्हणता, आणि त्या युनायटेड स्टेट्समध्ये समोरच्या टेबलावर बसलेला आरोपी पण येतो. १९३५ च्या बर्गर खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं होतं की सरकारी वकिलाने जोरात वार जरूर करावेत पण लबाडीचे करू नयेत. आणि १९४० मध्ये तेव्हाचे अटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी सगळ्या यू.एस. अटर्नींना एकत्र बसवून सांगितलं की माणसाचं आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यावर प्रॉसिक्युटरएवढा ताबा या देशात दुसऱ्या कुणाचा नाही. नोकरीला लागायच्या आधी ते भाषण शोधून वाचा.

अटक झाली की घड्याळ सुरू

तातडीची अटक असेल तर आधी कम्प्लेंट, म्हणजे एजंटच्या अॅफिडेव्हिटवर मॅजिस्ट्रेट जजची सही. मग आरोपीला विलंब न लावता जजसमोर. कोठडीत ठेवायला मागायचं का हे तुम्ही ठरवता, १९८४ चा बेल रिफॉर्म अॅक्ट, पळून जाईल किंवा लोकांना धोका आहे हे दाखवावं लागतं, तयारीला तीन दिवस मागता येतात. सगळ्याच केसमध्ये कोठडी मागू नका. ज्याची नोकरी आहे, मुलं आहेत, आधीचं काही नाही, त्याला कोठडीत घालून तुम्हाला काय मिळणार ते जज विचारतोच, तुम्ही त्याच्या आधी स्वतःला विचारा.

तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा: अटकेपासून ३० दिवसांत इंडाइटमेंट, म्हणजे ग्रँड ज्युरीचं आरोपपत्र, त्यानंतर ७० दिवसांत खटला. १९७४ चा स्पीडी ट्रायल अॅक्ट. मधले दिवस मोशनमुळे, म्हणजे कोर्टापुढच्या अर्जांमुळे, दोन्ही बाजूंच्या मुदतवाढीमुळे वगळले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात वर्ष पण जातं, पण कुठले दिवस वगळले आणि कुठल्या आदेशाने याचा हिशेब तुमच्याकडे हवा. आपल्याकडे तारीख पे तारीख ऐकत मोठे झालेल्याला हे घड्याळ पहिल्यांदा अंगावर येतं. इथे दिवस चुकले तर केस डिसमिस होऊ शकते.

ग्रँड ज्युरीची खोली

ही गोष्ट भारतात नाहीच, म्हणून जरा थांबून सांगते. १६ ते २३ सामान्य नागरिक, महिनोन्महिने ठरलेल्या दिवशी येऊन बसतात, किमान १२ जणांनी हो म्हटलं तरच आरोपपत्र. खोलीत जज नाही. आरोपी नाही, त्याचा वकील नाही. तुम्ही, एक साक्षीदार, टाइप करणारा कोर्ट रिपोर्टर, आणि ती माणसं, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी ट्रक चालवणारा, कुणी डब्यातून आणलेलं सँडविच पिशवीत ठेवून बसलेला. मतदानाच्या वेळी तुम्ही बाहेर.

म्हणजे बघा, त्या खोलीत तुम्हाला अडवणारं कुणी नाही. १९९२ च्या विल्यम्स निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आरोपीच्या बाजूचा पुरावा ग्रँड ज्युरीला दाखवलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पण जस्टिस मॅन्युअल म्हणतं, आरोपी निर्दोष आहे असं थेट सुचवणारा ठोस पुरावा तुम्हाला माहीत असेल तर दाखवा. मी त्याहून थोडं पुढे जायचे. एका केसमध्ये एजंटची साक्ष संपली, मी विचारलं कुणाला काही विचारायचंय का, आणि मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "त्या घरात आणखी कोण राहतं?" बंदूक बेडरूमच्या कपाटात सापडली होती. एजंटने सांगितलं, भाऊ राहतो, त्याच बेडरूममध्ये झोपतो. मी तो प्रश्न एजंटला आधीच विचारलेला होता, उत्तर माझ्या कागदावर होतं, आणि मी तो साक्षीत घ्यायचा सोडून दिला होता कारण "बोटाचे ठसे आहेतच". ठसे होते हे खरं, केस पुढे गेली पण. पण त्या दिवसापासून मी ग्रँड ज्युरीत जायच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या वकिलाच्या खुर्चीत बसून स्वतःच्या केसला विचारायचे ते पाच प्रश्न लिहून काढायचे, आणि त्यांची उत्तरं स्वतःहून साक्षीत घ्यायचे. तुम्हीही घ्या.

सगळं देऊन टाका

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण करिअर बुडतं ते इथे. १९६३ च्या ब्रेडी खटल्यापासून नियम आहे की आरोपीला उपयोगी पडेल असा महत्त्वाचा पुरावा सरकारने त्याला द्यायचा. १९७२ च्या जिग्लिओने त्यात साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का लावणारी माहिती आली, म्हणजे त्याला दिलेलं आश्वासन, त्याचे जुने गुन्हे, आधीचं वेगळं बोलणं. १९९५ च्या काइल्स निकालाने सांगितलं की पोलिसांकडे होतं, मला माहीत नव्हतं हे चालणार नाही, शोधणं तुमचं काम. आणि २०२० पासून प्रत्येक केसच्या सुरुवातीला जज याचा आदेशच काढतो.

ज्याला हे पुस्तकी वाटतं त्याने सिनेटर टेड स्टीव्हन्सची केस वाचावी. अलास्काचे सिनेटर, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, थोड्याच दिवसात निवडणूक हरले. मग कळलं की मुख्य साक्षीदाराच्या एका जुन्या मुलाखतीच्या नोंदी बचाव पक्षाला दिल्याच नव्हत्या. एप्रिल २००९ मध्ये सरकारनेच केस मागे घ्यायला मागितली, जज एमेट सुलिव्हन यांनी ती रद्द केली. त्यानंतर डिपार्टमेंटने प्रशिक्षण, नियम, सगळं कडक केलं.

काम कसं करायचं ते सांगते. एजंटचा अहवाल म्हणजे फॉर्म ३०२ वाचून थांबू नका, त्याच्या हाताने लिहिलेल्या कच्च्या नोंदी मागा. मेसेज मागा. स्थानिक पोलिस बरोबर होते तर त्यांचे बॉडी कॅमेरे मागा. एका दरोड्याच्या केसमध्ये खटल्याच्या नऊ दिवस आधी मी डिटेक्टिव्हची वही स्वतः पान पान बघत होते, रात्रीचे साडेआठ झाले असतील, ऑफिसात फक्त सफाईवाले. एका पानाच्या कडेला पेन्सिलने दोन शब्द होते: "जॅकेट हिरवं?" आमच्या साक्षीदार बाईंनी तीन वेळा निळं जॅकेट सांगितलं होतं, टाइप केलेल्या अहवालात निळं, व्हिडिओत रंग धड कळत नाही. मी डिटेक्टिव्हला फोन केला, तो म्हणाला पहिल्या दोन मिनिटांत ती तसं म्हणाली असेल, नंतर निळं म्हणाली, म्हणून अहवालात निळं. पोटात खड्डा पडला. त्याच रात्री ते पान स्कॅन करून बचावाच्या वकिलाला पाठवलं, फोनवर झालेलं बोलणं पत्रात लिहिलं, सुपरवायझरला कळवलं. बचावाच्या वकिलाने त्या हिरव्यावरून बाईंना अर्धा तास उलटतपासात घेतलं. ज्युरीने सगळं ऐकून दोषी म्हटलं, पण नसतं म्हटलं तरी ते पान द्यायचंच होतं. द्यायचं की नाही असा विचार मनात आला की उत्तर द्यायचं हेच, तुम्ही त्यावर वाद घालण्यात जो वेळ घालवाल त्यात स्कॅन होऊन जातं. आणि काय दिलं, कधी दिलं, याची क्रमांक घातलेली यादी ठेवा.

प्ली आणि साक्षीदार झालेला आरोपी

फेडरल केसमध्ये शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी गुन्हा कबूल करतात, म्हणजे तुमचं बरंचसं काम कोर्टात न होता कागदावर होतं. प्लीच्या, म्हणजे गुन्हा कबुलीच्या, करारातलं एकेक वाक्य पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण देते. २६/११ च्या आधी मुंबईत येऊन ताजची, ओबेरॉयची, सीएसटीची रेकी करणारा डेव्हिड हेडली, त्याची केस शिकागोच्या यू.एस. अटर्नी ऑफिसने चालवली, कारण तो तिथे पकडला गेला आणि मुंबईत मारल्या गेलेल्यांत सहा अमेरिकन होते. मार्च २०१० मध्ये त्याने बाराही आरोप कबूल केले. बदल्यात फाशी मागणार नाही आणि भारतात पाठवणार नाही. भारतात त्यावर केवढा संताप झाला, माझ्या मुंबईतल्या मावशीने मला फोनवर विचारलं "तुमचे लोक त्याला वाचवतात का?" पण त्याच करारात हेही होतं की परदेशी कोर्टाच्या कामात तो व्हिडिओवरून साक्ष देईल, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात उज्ज्वल निकम विचारतायत आणि हेडली अमेरिकेतून पडद्यावर उत्तरं देतोय हे आपण टीव्हीवर ऐकलं ते त्याच कलमातून आलं. त्याला जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षं झाली. मावशीचं समाधान माझ्याकडून आजही झालेलं नाही, आणि ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यासमोर हा सौदा बरोबर होता असं सहज म्हणू नये. हेडलीने ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली त्या तहव्वुर राणाला शिकागोच्या ज्युरीने २०११ मध्ये मुंबईच्या आरोपातून सोडलं, इतर दोन आरोपांत दोषी धरलं, आणि १९९७ च्या प्रत्यार्पण कराराखाली तो एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. त्या प्रत्यार्पणाचं कोर्टातलं काम लॉस एंजेलिसच्या ऑफिसने केलं. असं काम तुमच्याही टेबलावर येऊ शकतं.

सहकार्य करणाऱ्या आरोपीशी बसताना तीन गोष्टी. त्याच्या वकिलाशिवाय नाही. एजंटशिवाय नाही, नाहीतर उद्या तुम्हीच साक्षीदार व्हाल. आणि त्याने पहिल्यांदा काय सांगितलं, दुसऱ्यांदा काय, हे सगळं लिहून ठेवायचं, कारण बदललेली प्रत्येक गोष्ट द्यायची आहे.

खटला

आपल्याकडे १९५९ मध्ये नानावटीला ज्युरीने ८ विरुद्ध १ ने सोडलं आणि मग ज्युरी हळूहळू गेलीच. इथे बाराही जणांचं एकमत लागतं. नवीन लोकांना साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियाला, नॅशनल अॅडव्होकसी सेंटरमध्ये प्रशिक्षणाला पाठवतात, तिथे तुमचं भाषण रेकॉर्ड करून तुम्हालाच दाखवतात, लाजू नका, त्याचा फार उपयोग होतो. आपला इंग्रजीचा हेल बदलायच्या मागे लागू नका, ज्युरीला हळू आणि स्पष्ट बोललेलं कळतं. बाकी, साक्षीदारांना खटल्याच्या आधी कोर्टरूम रिकामी असताना नेऊन खुर्चीत बसवून आणा. एक्झिबिटची, म्हणजे पुराव्यात दाखवायच्या वस्तू-कागदांची, यादी दोनदा तपासा. पॅरालीगलचं, म्हणजे ऑफिसातल्या कायदा-सहायकाचं, ऐका.

पीडित

२००४ च्या कायद्याने पीडितांना कोर्टात हजर राहण्याचा, बोलण्याचा, तारखा कळण्याचा हक्क आहे. ऑफिसात त्यांच्यासाठी वेगळा समन्वयक असतो पण पहिला फोन तुम्ही करा. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर धाड घातली, आयआरएसचे (अमेरिकेच्या आयकर खात्याचे) अधिकारी म्हणून अमेरिकेत फोन लावून लोकांना लुटणारी पोरं, आठवत असेल. त्याच महिन्यात ह्यूस्टनमध्ये अहमदाबादच्या कॉल सेंटरांचं आरोपपत्र उघड झालं, आणि जुलै २०१८ मध्ये इकडून पैसे फिरवणाऱ्या २१ जणांना शिक्षा झाल्या, सगळ्यात मोठी २० वर्षांची. फसलेल्यांत म्हातारी माणसं होती आणि नव्याने आलेले इमिग्रंटही. असे आजोबा फोनवर पैशाबद्दल कमी आणि लाजेबद्दल जास्त बोलतात, मुलांना कळू देऊ नका म्हणतात. त्यांच्याशी बोलायला वेळ काढा, घाईत असाल तर दुसऱ्या दिवशी करा.

शिक्षा

शेवटी गाइडलाइन्स, म्हणजे शिक्षा ठरवायचा तक्ता: ४३ पातळ्या एका बाजूला, पूर्वेतिहासाचे ६ गट दुसऱ्या बाजूला, आणि चौकटीत महिने. २००५ च्या बुकर निकालापासून हे बंधनकारक नाही, जज कमी-जास्त करू शकतो. पण काही कलमांत किमान शिक्षा कायद्यातच आहे, जजचे हात बांधलेले, आणि ते कलम लावायचं की नाही हे तुमच्या हातात. ड्रग्जच्या गुन्ह्यात बंदूक बाळगल्याचं कलम लावलं की आधीच्या शिक्षेवर किमान पाच वर्षं वेगळी, दोन्ही एकदम भोगता येत नाहीत. पॅरोल नाही, चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस. म्हणून आरोपपत्र लिहितानाच शिक्षेचा तक्ता मांडा आणि तो आकडा मोठ्याने म्हणून बघा. शिक्षेच्या दिवशी मागच्या बाकांवर आरोपीची आई बसलेली असते, बायको असते, कधी शाळा बुडवून आणलेली मुलं असतात. मी उठून बोलायच्या आधी एकदा मागे वळून त्यांच्याकडे बघायचे, आणि मग जजला सांगायचे तेवढाच आकडा मागायचे जो त्यांच्याकडे बघूनही मला मागता यायचा.

निकाल लागला की आरोपीला अपिलाची नोटीस द्यायला १४ दिवस असतात, सरकारला ३०. तोवर जप्त केलेली कुठलीही वस्तू परत करू नका, एजंटला पुरावा नष्ट करायची परवानगी देऊ नका. पीडितांना निकाल कळवल्याची नोंद फाइलला लावा, बचावाला काय काय दिलं त्याची यादी सगळ्यात वर ठेवा, अपील दुसराच वकील लिहिणार असेल आणि पहिल्यांदा तो तीच यादी मागेल.